भांबळबाईंचं विमान

भांबळबाईंसमोर हवेबद्दल बोलायची सोय नव्हती. आता दिल्लीतल्या माणसाने हवेबद्दल बोलायचं नाही तर बोलायचं तरी कशाबद्दल? जानेवारीत सकाळी शेजारी भेटला की आपण म्हणतो, "काय थंडी आहे!" तोही म्हणतो, "हाँ जी, बहुत ठंड है," आणि दोघं सुखाने आपापल्या वाटेला लागतात. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी, ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसची वाट बघताना, मी हेच वाक्य एकदा बाईंना म्हणालो. त्यांनी मफलरच्या गुंडाळ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कालच्यापेक्षा?"

"नाही, म्हणजे अशीच. थंडी आहे."

"तापमान कालच्यापेक्षा जास्त आहे. तुम्हांला हुडहुडी भरतेय कारण आज वारा आहे. मग वारा आहे म्हणा ना, पाटणकर. थंडी कशाला म्हणता?"

बस आली. मी मुद्दाम मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. बाई पुढची रिकामी जागा सोडून माझ्याशेजारी येऊन बसल्या, कारण वाऱ्याचा मुद्दा अजून पुरा व्हायचा होता. तो यमुनेच्या पुलावर संपला.

डॉक्टर सुशीला भांबळ या आमच्या सरकारी संस्थेतल्या ढगांच्या विभागाच्या प्रमुख, आणि मी त्याच विभागातला यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर. घर एका सोसायटीत, बस एक, खोली एक. म्हणजे सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत बाई माझ्या वाट्याला पूर्ण यायच्या. रविवारी त्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये जात. त्या सकाळच्या दोन तासांबद्दल मी देवाचा आजही ऋणी आहे. पाद्रीसाहेब मात्र माझ्या परिस्थितीत होते. एकदा त्यांनी प्रवचनात मन बर्फासारखं पांढरंशुभ्र ठेवा म्हणून सांगितलं, तर प्रार्थना संपल्यावर बाईंनी त्यांना दारात गाठून समजावलं की बर्फाचा कण पांढरा नसतो, पारदर्शक असतो. ढीग झाला की पांढरा दिसतो. पाद्रीसाहेब बाईंसारखेच नगरकडचे, पण सोशिक गृहस्थ. पुढच्या रविवारी त्यांनी मन दुधासारखं ठेवायला सांगितलं. दुधाबद्दल बाईंना काही माहिती नव्हती, म्हणून निभावलं.

बाई बुटक्या, काटक. खळ घातलेली सुती साडी, तिच्यावर एकावर एक दोन स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर खाकी माकडटोपी. चष्म्याला बुटाची नाडी बांधून तो गळ्यात अडकवलेला. नाताळात आमच्याकडे त्यांच्या घरून करंज्या आणि चकल्यांचं ताट यायचं. माझी बायको कौतुकाने म्हणायची, "करंज्या काय सुरेख झाल्यात!" बाई लगेच, "सुरेख म्हणजे? खुसखुशीत झाल्यात की सारण गोड झालंय?" पुढच्या वर्षी बायकोने कौतुक करायचं सोडलं. तर बाई मला बसमध्ये म्हणतात, "यंदा करंज्या बिघडल्या होत्या का हो? वहिनी काही बोलल्या नाहीत."

त्यांचा एक प्रश्न होता आणि तो त्या सगळ्यांना विचारत. आपण काहीही सांगितलं की त्या मान वाकडी करून म्हणत, "दिसलं की वाटलं?" मी म्हणालो, डायरेक्टर आज रागावलेले आहेत. "दिसलं की वाटलं?" मी म्हणालो, कँटीनवाला चहात पाणी घालतो. "दिसलं की वाटलं?" माझ्या मुलीने एकदा जिन्यात साप पाहिला म्हणून किंचाळून सोसायटी गोळा केली, तेव्हा शेजारीपाजारी काठ्या घेऊन धावले आणि बाई हा प्रश्न घेऊन धावल्या. वैताग असा, की तो साप खरंच सायकलची ट्यूब निघाला.

पण बाईंचं खरं वेड म्हणजे ढगातलं पाणी. शून्याखाली गेलं की पाण्याचा बर्फ होतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ढगातलं पाणी शाळेत गेलेलं नसतं. त्याचे बारीक थेंब शून्याच्या खाली दहा, पंधरा अंशांपर्यंतही पाणीच राहतात, आणि कशाला तरी स्पर्श झाला की त्या क्षणी गोठतात. हे दाखवायला बाईंनी खोलीत आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसा आडवा डीप फ्रीजर आणून ठेवला होता. त्यात त्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या हळुवार निजवून ठेवत. एकदा डायरेक्टर मंत्रालयातल्या बड्या साहेबांना घेऊन आले. बाईंनी एक बाटली अलगद बाहेर काढली आणि सुरुवात केली, "सर, यह पानी शून्य से छह डिग्री नीचे है, फिर भी..." साहेबांना वाटलं, पाहुणचार चाललाय. "थँक यू, थँक यू," म्हणत त्यांनी बाटली घेतली आणि टेबलावरच्या ग्लासात ओतली. ओतता ओतता पाण्याचा बर्फ झाला. ग्लासातून बर्फाचा खांबच वर वाढत आला. साहेबांनी "हे राम!" म्हणून बाटली सोडली. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. इतका सुंदर प्रयोग आमच्या संस्थेत कधी झाला नव्हता. आणि बाई लाल होऊन म्हणाल्या, "मेरा वाक्य अभी पूरा नहीं हुआ था!"

नोकरीला लागल्यापासून बाईंची मागणी एकच होती. विमान. हिमालयात हिवाळ्यात जे ढग येतात, त्यांत जाऊन पाणी किती आणि बर्फ किती ते मोजायचं, तर खाली दिल्लीत बसून कसं मोजणार? संस्थेने त्यांना विमानाऐवजी एक जीप दिली, मग एक गालिचा दिला, आणि शेवटी विमानाचा विचार करायला समिती दिली. समितीत खुद्द बाई सभासद. पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रस्ताव वाचला, त्यातलं इंधनाचं गणित चुकलेलं आहे म्हणून दाखवून दिलं आणि तो परत पाठवला. प्रस्ताव त्यांचाच होता. मी कपाळाला हात लावला. "बाई, मंजूर झाल्यावर दुरुस्त करता आलं असतं!" "मंजूर कशाला झाला असता? चूक होता ना."

मग नव्वदीचं दशक आलं आणि सगळ्यांच्याच नशिबात कंपन्या आल्या. वीज तयार करायला खाजगी लोकांना परवानगी मिळाली आणि गुडगावच्या एका कंपनीने डोंगरातल्या नद्यांवर डोळा ठेवला. कंपनीचे मिस्टर सूद आमच्याकडे आले. तरुण, गुळगुळीत, हातात विटेएवढा मोबाइल फोन. तो फोन ते टेबलावर असा ठेवत की आपण बघावं. त्यांची कल्पना सरळ होती. हिवाळ्यातल्या ढगांत गोठायचं राहून गेलेलं पाणी असेल, तर विमानातून पूड फवारायची. पाण्याचा बर्फ होईल, डोंगरावर जास्त बर्फ पडेल, उन्हाळ्यात तो वितळून नदीला पाणी येईल आणि कंपनीची जनित्रं फिरतील. फक्त ढगांत असं पाणी आहे, एवढं सरकारी शास्त्रज्ञाने लिहून द्यायला हवं. त्यासाठी एक हिवाळाभर विमान कंपनीचं, यंत्रं कंपनीची. आणि अहवाल चांगला आला की काम सुरू होणार आणि विमान आमच्या संस्थेकडे कायमचं राहणार.

कायमचं! बाई त्या दिवशी बसमध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत. मी इतका घाबरलो की घरापर्यंत सोडायला गेलो.

पालमच्या एका कोपऱ्यातल्या जुन्या हँगरमध्ये विमान उभं होतं. छोटं, दोन पंख्यांचं, पांढरं. बाई त्याच्याभोवती एकदा फिरल्या. हात लावला नाही. मग म्हणाल्या, "खिडक्या कुणी पुसल्यात की नाही?" आणि पर्समधून रुमाल काढून, टाचा उंचावून, स्वतःच पुसायला लागल्या. एक खिडकी त्यांनी इतका वेळ पुसली की सूद मला म्हणाला, "सर, मैडम ठीक हैं न?"

पंखाखाली कंपनीने परदेशातून आणलेलं यंत्र बसवलं. त्यात एक तापलेली तार असते. ढगातले थेंब तारेवर आपटून वाफ होतात, तार निवते, आणि ती पुन्हा तापवायला किती वीज लागली त्यावरून पाणी किती ते काटा सांगतो. या यंत्राची देखभाल माझ्याकडे होती आणि मला त्याचा मुलीच्या शाळेतल्या पहिल्या नंबराएवढा अभिमान होता. त्याच्या जोडीला बाईंनी काय बसवावं? आपल्या खिडकीबाहेर हातभर लांबीचा, काळ्या रंगाचा लोखंडी दांडा. कोटला मुबारकपूरच्या लोहाराकडून करून आणलेला.

सूदने विचारलं, "मैडम, यह क्या करता है?"

"कुछ नहीं करता. इसीलिए रखा है."

त्यामागची अक्कल अशी होती. गोठायचं राहिलेला थेंब दांड्याला लागला की जागीच गोठतो, आणि दांड्यावर पांढरा थर चढतो. बर्फाचा कण मात्र आधीच कडक असतो, तो आपटून उडून जातो. दांडा पांढरा झाला तर पाणी, काळा राहिला तर बर्फ. आता अडचण अशी, की तसाच थर विमानाच्या पंखांवरही चढतो, विमान जड होतं आणि वैमानिकाला घरची आठवण यायला लागते. आमचे वैमानिक कॅप्टन गिल हवाई दलातून निवृत्त झालेले, उंचेपुरे, निधड्या छातीचे सरदारजी. जगात ते एकाच गोष्टीला भ्यायचे आणि बाई नेमकी तीच शोधायला निघाल्या होत्या.

पहिल्या उड्डाणाला हिमाचलातल्या धौलाधार रांगेच्या माथ्यावर ढगात शिरलो. विमान असं हादरायला लागलं की मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. तेवढ्यात काटा वर चढला. मी ओरडलो, "पाणी! बाई, पाणी!"

"दिसलं की वाटलं?"

"अहो काटा बघा ना!"

"काटा तुम्ही बघा. मी दांडा बघते."

दांडा काळाकुळकुळीत. त्याच्यावर काहीही नव्हतं. पण काटा तर चढलाच होता. खाली उतरल्याबरोबर सूदने विटेवरून गुडगावला कळवलं आणि तिकडे पेढे वाटले गेले. आमच्याकडेही एक खोका आला. बाईंनी पेढा घेतला, खाल्ला, आणि तोंड पुसत म्हणाल्या, "घाई झाली."

मग दर उड्डाणाला हेच. काटा वर, दांडा काळा. बाई सकाळ-संध्याकाळ बसमध्ये तेच दळण दळायच्या. "काटा म्हणतो पाणी आहे, दांडा म्हणतो नाही. दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय, पाटणकर."

"बाई, माझं यंत्र परदेशात बनलंय. तुमचा दांडा लोहाराने केलाय."

"म्हणूनच त्याला खोटं बोलता येत नाही."

मी इतक्या जोरात हात जोडले की पुढच्या सीटवरचे गुप्ताजी वळून म्हणाले, "क्या झगड़ा है जी? जायदाद का मामला है?"

जानेवारीच्या एका दुपारी मी जेवून खोलीत आलो तर सगळ्या खिडक्या उघड्या. आत कडाक्याची थंडी. मी अर्थातच तसं म्हणालो नाही. बाईंनी टेबलफॅन आडवा लावून ठेवला होता आणि त्याच्यासमोर माझं यंत्र! विमानावरून उतरवून आणलेलं, मला न विचारता! स्वतः बाई फ्रीजरच्या भिंतीवर साठलेला बर्फ उलथन्याने खरवडत होत्या.

"बरं झालं आलात. पंखा धरा."

"बाई, हे यंत्र..."

"पंखा धरा हो, वितळेल!"

मी पंखा धरला. बाईंनी घरून आणलेल्या पिठाच्या चाळणीत तो बर्फ घेतला आणि पंख्यासमोर चाळायला सुरुवात केली. दारातून डायरेक्टर चालले होते. ते थांबले. "पाटणकर जी, यह क्या हो रहा है?" मी म्हणालो, "सर, बर्फ छान रहे हैं." ते मान हलवून पुढे गेले. सरकारी नोकरीत माणसाला किती सहन करायची सवय होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि काटा वर चढला.

फ्रीजरमधल्या कडक, सुक्या बर्फात पाण्याचा थेंब नव्हता. पण बर्फाचे कण तापलेल्या तारेवर आपटत होते, तिथे वितळत होते, आणि यंत्र तेच पाणी इमानेइतबारे मोजत होतं. बाईंनी चाळणी थांबवली, काटा खाली आला. पुन्हा चाळली, पुन्हा वर. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"बघा," बाई म्हणाल्या. "आपणच वितळवायचं, आणि आपणच पाणी सापडलं म्हणून पेढे वाटायचे."

मला वाटलं, आता महिनाभर हा विजय ऐकावा लागणार. पण बाई मांडीवर चाळणी घेऊन स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या. वितळलेल्या बर्फाने त्यांची साडी भिजत होती. मीच शेवटी म्हणालो, "म्हणजे त्या ढगांत पाणी नाहीच?"

"असं कुठे म्हटलं मी?" त्या एकदम उसळल्या. "आपण गेलो तिथे नाही. आणखी कुठे असेल ते बघायला नको?"

बाईंचं म्हणणं होतं की पाणी असलं तर ते खाली, डोंगराला चिकटून असणार. वारा उतारावर आपटून वर चढतो तिथे. कॅप्टन गिलना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फेटा सारखा केला आणि विचारलं, "पहाड़ से चिपक के मतलब कितना चिपक के, मैडम?"

"जितना आप कर सकें."

"मैं तो जी बिल्कुल नहीं कर सकता."

तरी बाईंनी त्यांना आठवडाभर छळून तयार केलं. ढगाला मधे एक फट दिसली, तिच्यातून आम्ही दरीत उतरलो आणि उताराच्या कडेने ढगात शिरलो. बाईंचा चेहरा खिडकीच्या काचेला चिकटलेला. आणि तो दांडा, तो कोटल्याचा दांडा, माझ्या डोळ्यांदेखत पांढरा होत गेला. आधी कडेला एक रेघ, मग दाट पीठ फासल्यासारखा थर.

"पांढरा!" बाई किंचाळल्या. हिवाळाभरात त्या पहिल्यांदाच ओरडल्या. "कैप्टन साब, सफेद! थोड़ा और नीचे!"

"मैडम, पंखों पे भी सफेद है! और यह सामने पेड़ हैं! देवदार!"

"कितने अच्छे हैं!"

"पेड़ हैं, मैडम!!"

गिलनी विमान असं वर ओढलं की माझी टोपी मागच्या सीटवर जाऊन पडली. पालमला उतरल्यावर ते बराच वेळ चाकाशेजारी जमिनीवर बसून राहिले. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहून आभार मानत होत्या आणि पुन्हा कधी जायचं ते विचारत होत्या. गिल मला म्हणाले, "पाटणकर साब, इनको बोलो, दुबारा नहीं. नौकरी भी जाए तो जाए."

म्हणजे उत्तर मिळालं होतं, आणि ते माझ्या आयुष्यात ऐकलेलं सर्वांत वैतागवाणं उत्तर होतं. पाणी होतं. पण विमान जिथे जाऊ शकत नव्हतं तिथे. आणि विमान जिथे जाऊ शकत होतं तिथे सगळा बर्फच होऊन बसला होता. वरून पूड टाकली तर ती खालच्या पाण्यापर्यंत पोचायच्या आत वारा तिला डोंगरापलीकडे नेणार.

अहवाल सांगायला कंपनीने गुडगावला बोलावलं. लांबलचक गाडी पाठवली. दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं आणि त्यांच्यामधूनच उगवलेल्या काचेच्या इमारती. मी सगळं धैर्य गोळा करून बोललो.

"बाई, खोटं बोलू नका. मी म्हणतच नाही तसं. एवढंच म्हणा, की आणखी उड्डाणांची गरज आहे. हे तर सगळेच म्हणतात. दरवर्षी म्हणतात. विमान राहील."

"गरज कुणाला आहे, पाटणकर?"

"म्हणजे?"

"ढगाला तर नाहीच. त्याचं जे काय आहे ते आपल्याला कळलं. कंपनीलाही नाही, विमानाने त्यांचं काम होणार नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "गरज मला आहे. मला रोज वर जायचंय. म्हणून तर मला तसं म्हणता येत नाही."

मोहरीच्या शेतात एक म्हैस उभी होती, तिच्याकडे मी बघत राहिलो. इतका राग मला कुणाचाच आला नसेल.

काचेच्या इमारतीत लांब टेबलाभोवती सगळे बसले. आमचे डायरेक्टरही आले होते, सरकारी चेहरा हसरा करून. बाई कॅनव्हासच्या बुटांत पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. अर्धा तास झाला. सूद दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाला, "मैडम, बॉटम लाइन? यस या नो? पानी है कि नहीं?"

"पानी है," बाई म्हणाल्या.

टाळ्या! सगळं टेबल टाळ्या वाजवतंय, डायरेक्टर सर्वांत जोरात. सूदचा हात विटेकडे गेलासुद्धा. मी मनात म्हटलं, बाई, आता गप्प बसा. एवढंच. वाक्य खरं आहे. बसा.

बाई हात वर करून थांबल्या. टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाल्या, "पानी वहाँ है जहाँ आपका जहाज़ नहीं जा सकता. जहाँ जहाज़ जाता है, वहाँ बर्फ बन चुकी होती है. जहाज़ से यह काम नहीं होगा. करना ही है तो पहाड़ की ढलान पर आदमी बिठाइए, नीचे से उसी पाउडर का धुआँ छोड़िए."

"और जहाज़?" सूदने विचारलं.

"जहाज़ की ज़रूरत नहीं है."

हे वाक्य त्यांनी अगदी स्पष्ट, सावकाश उच्चारलं.

लिफ्टमध्ये डायरेक्टर मला नाही, छताला उद्देशून म्हणाले, "पूरी उम्र जहाज़ माँगा. मिला, तो खुद गिरा दिया."

"गिराया नहीं, सर," बाई म्हणाल्या. "उतारा है."

परत येताना त्या गाडीत मी बाईंशी बोललो नाही. बाई माझ्याशी बोलल्या. गुडगावच्या इमारतींच्या काचा पश्चिमेकडे ठेवण्यात काय चूक आहे ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं.

होळीच्या आत विमान गेलं. कंपनीने त्याची आतली यंत्रं काढून गुबगुबीत खुर्च्या बसवल्या आणि ते साहेब लोकांच्या जयपूर-चंदीगड फेऱ्यांना लावलं. मी हे बाईंना भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "निदान उडतंय ना?" आणि वळून फ्रीजरमध्ये डोकं घातलं. त्या दिवशी त्यांनी ते जरा जास्तच वेळ आत ठेवलं, असं मला दिसलं. वाटलं नाही, दिसलं.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल पांघरली तेव्हा त्यांनी डायरेक्टरांना विचारलं, "लोकरीची आहे की मिलावट?" आणि चहा पिता पिता जाहीर केलं की येता हिवाळा त्या धौलाधारच्या उतारावरच्या एका गावात काढणार आहेत. तिथल्या मिशनच्या शाळेत ओळखीच्या बाई आहेत, त्यांनी खोली देऊ केली आहे.

माझ्या बायकोने त्यांना समजावलं, मी समजावलं. "अहो, तुमचे गुडघे! बर्फ पडला की रस्ता बंद होतो तिकडे. दवाखाना नाही, काही नाही."

"तिथे म्हशी राहतात, पाटणकर. शाळेतली पोरं राहतात."

"पण तुम्ही तिथे करणार काय?"

"ढग तिथे दारात येतो," बाई म्हणाल्या. "मग विमान कशाला?"

डिसेंबरातल्या एका सकाळी मी त्यांना माझ्या मारुतीतून काश्मिरी गेटच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, रॉकेलचा स्टो. धुकं इतकं होतं की हिमाचलची बस कुठली ते हाका ऐकून शोधावं लागलं. सामान टपावर चढवलं. बाईंना पुढची, ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. मी सुटलो म्हणून खाली उतरलो, तर आत भांडण सुरू झालं.

पहाडी कंडक्टर, हिरवी टोपी, कानावर पेन्सिल. तो विचारत होता, "माताजी, टिकट कहाँ का?" आणि बाई सांगत होत्या की गाव यायच्या आधी रस्ता उताराला वळसा घालतो, तिथे उतरायचं आहे, सामान पुढे गावातल्या शाळेपाशी उतरवायचं.

"वहाँ स्टॉप नहीं है."

"मुझे मालूम है. वहीं रोकना."

"माताजी, वहाँ कुछ भी नहीं है! न दुकान, न मकान. खड़ी चढ़ाई है और सारा दिन बादल!"

"कौन से समय?"

"क्या कौन से समय?"

"बादल. सुबह आता है कि दोपहर को? नीचे से चढ़ता है या ऊपर से उतरता है?"

कंडक्टरने कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, बस हलली. मी खिडकीजवळ जाऊन हात वर केला, "बाई, पत्र टाका!" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी दोन्ही पंजे तिरपे जोडून हवेत एक डोंगर केला होता आणि त्या कंडक्टरला विचारत होत्या, इथे की इथे? कंडक्टरने तिकिटांची पेटी काखेत मारली, बाईंच्या शेजारच्या माणसाला कोपराने सरकवलं आणि आपलं बोट त्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी टेकवलं. "यहाँ, माताजी. यहाँ से चढ़ता है." बस फाटकातून वळली तेव्हा तो सीटवर टेकला होता, आणि मागच्या रांगेतली दोन माणसं माना पुढे काढून त्या दोघांच्या हातांकडे बघत होती.